समुद्रकाठचे शहर की आतले गाव? एका दांपत्याच्या निवासनिवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

निवृत्तीनंतर मोठे शहर सोडून कायमचे कुठे राहायला जायचे, या प्रश्नावर एका दांपत्याने बराच काळ विचार केला, दोन घरे जवळजवळ पक्की केली आणि शेवटी त्या दोहोंपैकी एकही घेतले नाही. त्या निर्णयाचा हा वृत्तांत आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाणांची नावे गाळली असून काही व्यक्तिगत तपशील बदलले आहेत. निर्णयाचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत.

पती ६३ वर्षांचे. निवृत्तीच्या थोडे आधी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला गेला होता. त्यानंतर प्रकृती चांगली राहिली, तरी औषधे आणि वेळोवेळची तपासणी सुटणारी नव्हती. पत्नी ५८ वर्षांच्या. भाषांतराचे काम घरून करत असल्याने त्यांना चांगले इंटरनेट आणि एक शांत खोली एवढेच हवे होते. मुलगी दुसऱ्या देशात स्थायिक झालेली. साठवलेली पुंजी एका घरापुरती होती, आणि घर चुकले तर ते विकून नव्याने शोध घेण्याइतकी उसंत व ताकद पुढे उरणार नाही, याची जाणीव दोघांनाही होती.

पहिले ठिकाण म्हणजे समुद्रकाठचे एक मध्यम आकाराचे शहर. पतींच्या लहानपणच्या सुट्ट्या तिथे गेल्या होत्या. दुसरे ठिकाण किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचे एक लहान गाव. तिथे पत्नींची जुनी मैत्रीण राहत होती. प्रस्तुत लेखकाला बोलावणे आले ते समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीची तपासणी करण्यासाठी. इमारत पाहायला आलेल्या माणसाला हळूहळू संसाराचेही प्रश्न विचारले जातात, हे या व्यवसायात नवे नाही, आणि इथेही तेच झाले.

प्रश्न कसा मांडला गेला होता

दांपत्याने एका कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. शहराच्या रकान्यात समुद्रदर्शन, वारा, फिरायला मोकळी जागा, दुकाने, रुग्णालय आणि रेल्वे. गावाच्या रकान्यात शांतता, अंगण, झाडे, गार रात्री, कमी खर्च आणि ओळखीचे माणूस. प्रत्येक बाबीला दहापैकी गुण दिलेले होते. बेरीज दर वेळी जवळजवळ सारखीच येई, आणि जो थोडा फरक पडे तो ज्याच्या हातात पेन्सिल असेल त्याच्या बाजूने पडे, असे पत्नींनीच हसत सांगितले.

या कागदात दोन अडचणी होत्या. पहिली अशी की, दोन्ही ठिकाणे चांगल्या ऋतूत, सुट्टीच्या मनःस्थितीत पाहिलेली होती. दुसरी अधिक खोलवरची: जी गोष्ट रोज थोडीथोडी अनुभवाला येते, जी वर्षानुवर्षे साचत जाते आणि जी एखाद्याच दिवशी लागते पण त्या दिवशी पुरेपूर लागते, अशा सर्व गोष्टींना एकाच फूटपट्टीने मोजले होते. समुद्रदर्शनाला नऊ आणि रुग्णालयाला आठ गुण होते. याचा अर्थ काय घ्यायचा, हे दोघांनाही सांगता येईना.

ठिकाण निवडताना माणसे डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींना अवाजवी वजन देतात, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि मध्य-पश्चिम भाग येथील विद्यार्थ्यांना त्यांनी आयुष्याविषयीच्या समाधानाबद्दल विचारले. दोन्हीकडचे समाधान सारखेच निघाले. मात्र आपल्यासारखा माणूस कॅलिफोर्नियात अधिक सुखी असेल, असा अंदाज दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी केला, आणि त्या अंदाजामागे मुख्यतः तिथल्या हवामानाचा विचार होता. आमच्या कागदावर कॅलिफोर्नियाच्या जागी खिडकीतून दिसणारा समुद्र होता, एवढाच काय तो फरक.

पहिला पर्याय: समुद्राकडे तोंड असलेले घर

घर तिसऱ्या मजल्यावर होते. इमारत सुमारे पंचवीस वर्षांची होती, आणि इमारत व लाटा यांच्यामध्ये एक रस्ता आणि वाळूचा पट्टा एवढेच अंतर होते. तपासणीपूर्वीच दांपत्याने इसार देऊन टाकला होता. या एका गोष्टीने पुढची सगळी चर्चा वाकडी झाली, कारण त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक दोषाकडे ‘हा दोष आहे का’ असे न पाहता ‘एवढ्यासाठी इसार सोडायचा का’ असे पाहिले जाऊ लागले.

आत सर्वत्र ताजा रंग होता. लेखकाच्या अनुभवात, समुद्रकाठच्या जुन्या इमारतीत ताजा रंग दिसला की भिंतीऐवजी आधी बारीकसारीक लोखंड पाहावे. विजेच्या बटणांच्या पाट्यांचे स्क्रू नवे होते, पण त्यांच्या भोवती जुन्या गंजाची तपकिरी कडी रंगाखालून डोकावत होती. खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल लावलेले होते आणि तरीही एक झडप पूर्ण बंद होत नव्हती. सज्जाच्या खालच्या अंगाला मान वर करून पाहिले, तेव्हा सारख्या अंतरावर तीन फिकट, सरळ रेषा दिसल्या. भिंतीला ओल आली की डाग वेडावाकडा पसरतो. डाग सरळ रेषेत आणि ठरावीक अंतरावर उमटला, तर तो आतल्या सळईचा असतो. तळमजल्यावरच्या एका कॉलमच्या कोपऱ्यावर हातोडीने हलके ठोके मारत गेले असता खणखणीत आवाज गुडघ्याच्या उंचीवर एकाएकी भद्द झाला. तिथे वरचे काँक्रीट आतल्या थरापासून सुटलेले होते.

याचे कारण असे. लाट फुटताना पाण्यातले असंख्य बुडबुडे फुटतात, त्यांतून खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि वारा ते जमिनीकडे वाहून नेतो. हे क्षार सर्वाधिक बसतात ते किनाऱ्यालगत. पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरते, जरी जोरदार वाऱ्यात ते पुष्कळ आतपर्यंत पोचू शकत असले, तरी. धातू गंजण्याच्या दृष्टीने वातावरणाची प्रतवारी करणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात सी१ पासून सी५ पर्यंत आणि त्यापलीकडे सीएक्स असे वर्ग आहेत, आणि खाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावरच्या जागा त्यातल्या वरच्या वर्गांत जातात. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई एरवी सुरक्षित असते, कारण त्याच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात पोलादावर एक संरक्षक थर धरून राहतो. क्षारांतले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपते आणि सळईपर्यंत पोचले की हा थर भेदते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा लागत असल्याने सळई आतून काँक्रीटला फोडते. बाहेर पोपडे दिसू लागतात तोवर आतली प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते.

पतींचा प्रश्न रास्त होता: दुरुस्ती करून घेतली तर? लेखकाने दोन गोष्टी समोर ठेवल्या. क्लोराइड शिरलेल्या काँक्रीटमध्ये फक्त फुटलेला तुकडा काढून नवे काँक्रीट भरले, तर त्या नव्या ठिगळाच्या कडेला लागून असलेली जुनी सळई पूर्वीपेक्षा लवकर गंजू शकते. म्हणून ठिगळे लावलेल्या इमारतीत काही वर्षांनी ठिगळाच्या शेजारची जागा फुगलेली दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. सज्जा आणि कॉलम ही सामाईक मालमत्ता. एका मालकाने मनात आणले तरी ती एकट्याला दुरुस्त करता येत नाही. रहिवाशांच्या समितीकडे दुरुस्ती निधीची चौकशी केली, तेव्हा ‘अजून कुणाची तक्रार आलेली नाही’ असे उत्तर मिळाले. निम्म्याहून अधिक घरे सुट्टीपुरती उघडणाऱ्या मालकांची होती. जो वर्षातले काही दिवसच येतो, त्याला आपल्या डोक्यावरच्या सज्जाची घाई नसते.

समुद्राच्या पातळीचाही विषय निघाला. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. या दांपत्याच्या आयुष्यमर्यादेत ती वाढ इमारत बुडवणारी नाही, हे स्पष्ट सांगणे आवश्यक होते. धोका निराळा होता. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. वादळात त्यावर वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेले पाणी येते, आणि त्याच वेळी मोठी भरती असेल तर सगळे एकावर एक साचते. तिसरा मजला कोरडाच राहील. पण विजेचे मीटर आणि लिफ्टचा खड्डा तळमजल्यावर होता. स्टेंट बसवलेल्या माणसाने लिफ्ट बंद असताना किती दिवस तीन जिने चढ-उतार करायची, हा प्रश्न समुद्राच्या उंचीपेक्षा जवळचा होता.

दुसरा पर्याय: आतले गाव

गावातले घर बैठे, दगडी जोत्याचे, मागे मोकळी जागा असलेले होते. बांधकामात सांगण्यासारखा दोष नव्हता. एका खोलीच्या चौकटीला वाळवी लागली होती, ती बदलता येण्याजोगी होती.

हवेच्या बाबतीत गाव सरळसरळ सरस ठरले. समुद्रकाठ म्हणजे थंडावा, अशी पतींची समजूत होती आणि ती अर्धीच खरी आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून किनाऱ्यावर दुपार तुलनेने सौम्य असते आणि दिवस वर आला की समुद्रावरून वारा सुटतो. पण त्याच कारणाने रात्रही निवत नाही, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने तापमापकावर दिसते त्यापेक्षा उकाडा अधिक जाणवतो. उंचीप्रमाणे हवेचे तापमान सरासरीने दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरते, त्या हिशेबाने ६०० मीटरवरच्या गावाला सुमारे चार अंशांचा लाभ होता, आणि कोरड्या हवेमुळे तिथली रात्र खरोखर गार होत असे. पत्नींना झोपेचा जुना त्रास होता. त्यांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हती.

पाण्याचा प्रश्न मात्र अर्धवट राहिला. घराला कूपनलिका होती आणि भेटीच्या वेळी तिला भरपूर पाणी होते. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी खडकाच्या भेगांत साठते. दोन शेजारच्या कूपनलिकांपैकी एक बारमाही आणि दुसरी कोरडी असू शकते, आणि पातळी खाली गेली की पाण्यातल्या घटकांचे प्रमाणही बदलू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅमच्या आत असावे. कोरड्या ऋतूच्या अखेरीस नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत द्यावा, असे ठरले. तो कधीच दिला गेला नाही. कारण पाठीमागच्या घरातल्या एका गृहस्थांनी ‘इथलं पाणी उन्हाळ्यात बिघडतं’ असे सहज सांगितले, आणि पतींनी तेवढ्यावर गावाच्या रकान्यातले पाण्याचे गुण खोडले. समुद्रकाठच्या इमारतीची विहीर मचूळ होती, याकडे मात्र ‘नळाचे पाणी आहेच’ म्हणून काणाडोळा केला गेला.

निर्णायक वळण: गाडी कोण चालवणार

हृदयरोग आणि पक्षाघात यांत वेळेचे गणित कडक असते. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीव्र झटक्याचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा मार्ग घ्यावा लागतो. पक्षाघातात ते औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गावापासून अशी सोय असलेले रुग्णालय दिवसा स्वतःच्या गाडीने पन्नास-पंचावन्न मिनिटांवर होते. कागदावर हे बसत होते, आणि पतींनी ते तसे बसवलेही होते.

लेखकाने इतकेच सुचवले की, रुग्णवाहिका बोलावली तर तिला आधी यावे लागते. म्हणजे तेच अंतर दोनदा मोजावे लागते. यावर दांपत्यात जो संवाद झाला तो या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू ठरला. पती म्हणाले, रुग्णवाहिकेची वाट कशाला पाहायची, आपली गाडी आहे. पत्नींनी शांतपणे विचारले, “तुमच्याच छातीत दुखायला लागलं, तर गाडी कोण चालवणार?” घरात गाडी फक्त पती चालवत. ते म्हणाले, “तू शिकशील की.” त्यावर पत्नी म्हणाल्या, “शिकेन ना. पण मी शिकेपर्यंत तुम्ही आजारी पडायचं नाही, असं लिहून देता का?”

विषय रुग्णालयापुरता राहिला नाही. पत्नींच्या सुचवण्यावरून दोन्ही ठिकाणी एकेक मुक्काम गाडीला हात न लावता काढायचे ठरले. शहरात किराणा, औषधे, दवाखाना, बँक आणि रेल्वेस्थानक हे सगळे पायी आटोपले. गावात दुकान दोन किलोमीटरवर होते. रस्त्याला पदपथ नव्हता, बस दिवसातून दोनदा येई आणि दवाखाना आठवड्यातून ठरावीक दिवशीच उघडत असे. संध्याकाळी परतताना समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी दोघांना कडेच्या गवतात उतरून उभे राहावे लागले. दोन-तीन वाहने गेल्यावर पतींनी बोलणे थांबवले, असे पत्नींनी नंतर सांगितले. वय वाढेल तसा माणसाचा पायी फिरण्याचा परीघ आक्रसतो आणि एक दिवस गाडीही सुटते. त्या दिवशी हे अंगण सुंदर असले तरी त्याला कुंपणाची कळा येईल, हे त्यांच्या ध्यानात आले.

तरीही तराजू पूर्ण शहराकडे झुकला, असे म्हणता येत नाही. मैत्रिणीच्या गावात सकाळी दार उघडले नाही तर तासाभरात कुणी तरी हाक मारेल, अशी स्थिती होती. समुद्राकडच्या इमारतीत हंगाम सरल्यावर संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवे दिसत. शेजारी कोण आहे आणि आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. एकट्या पडलेल्या वृद्धासाठी चौकशी करणारा शेजारी ही उपचारांइतकीच खरी सोय आहे, आणि ती नकाशावर दिसत नाही म्हणून हिशेबातून गळते. लेखकाच्या मते या पूर्ण तुलनेत सर्वांत कमी चर्चा झाली ती या मुद्द्याची.

तिसरा पर्याय आणि प्रत्यक्ष कृती

त्याच शहराचा जुना भाग किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटर आत, एका बुटक्या टेकाडाच्या मागे होता. तिथे बारमाही राहणारी कुटुंबे होती, बैठी व दुमजली घरे होती, रुग्णालय जवळ होते आणि खारा वारा टेकाडामुळे बराचसा अडत होता. या भागाचा विचार आतापर्यंत झालाच नव्हता, कारण समुद्रकाठी राहायचे तर समुद्र घरातून दिसलाच पाहिजे, हे गृहीतक कुणी तपासले नव्हते. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात, आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि स्वास्थ्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले होते. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण समुद्राचा लाभ घ्यायला खिडकीच हवी असे नाही, चालत जाऊन बसले तरी चालते, एवढा विचार करायला तो पुरेसा होता.

पतींना हे पचायला वेळ लागला. त्यांच्या मनातले घर लहानपणापासून गाज ऐकू येणारे होते, आणि इसारही अडकला होता. अखेर इसाराचा काही भाग सोडून त्यांनी सौदा मोडला. खरेदीऐवजी जुन्या भागात बारा महिन्यांच्या करारावर एक बैठे घर भाड्याने घेतले. स्वतःसाठी दोन अटी ठरवून घेतल्या: सर्वांत दमट महिने आणि पर्यटनाचा ऐन हंगाम हे दोन्ही पाहिल्याशिवाय घर विकत घ्यायचे नाही, आणि उकाड्याच्या दिवसांत काही आठवडे मैत्रिणीच्या गावी राहून रात्रीचे तापमान व झोप यांची नोंद ठेवायची. घरात आर्द्रतामापक लावला, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, आणि बाहेरच्या कड्या-बिजागऱ्यांसाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घेतले, कारण स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे चकचकीत राहणाऱ्या ३०४ प्रतीवर किनाऱ्याजवळ तपकिरी डाग पडतात.

परिणाम

दोन वर्षांनंतरची स्थिती संमिश्र आहे. दुसऱ्या वर्षी मोतीबिंदूमुळे पतींना समोरच्या दिव्यांचा त्रास होऊ लागला आणि रात्री गाडी चालवणे त्यांनी बंद केले. एका रात्री छातीत दुखू लागल्याने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. झटका नव्हता, दुसऱ्या दिवशी घरी सोडले. गावात असते तरी त्या रात्रीचा शेवट बहुधा असाच झाला असता, म्हणून हा प्रसंग निर्णय बरोबर ठरल्याचा पुरावा म्हणून मांडता येत नाही. पत्नींचे म्हणणे एवढेच की, वाट पाहण्याचा काळ थोडका होता.

ज्याचा कुणी विचार केला नव्हता अशी अडचण मात्र समोर आली. हंगामात सुट्टीच्या संध्याकाळी शहरातले रस्ते तुंबतात, आणि एरवी दहा-बारा मिनिटांवर असलेले रुग्णालय त्या वेळी पाऊण तासावर जाते. म्हणजे ज्या निकषावर गाव मागे पडले, त्याच निकषावर शहर वर्षातले काही दिवस जवळजवळ गावाइतकेच दूर असते. आता ते हंगामातल्या गर्दीच्या आठवड्यांत गावी जातात. पण तिथून रुग्णालय दूरच आहे, हेही त्यांना ठाऊक आहे.

दमटपणाने अपेक्षेपेक्षा अधिक सतावले. टेकाडाने क्षार अडवले, बाष्प अडवले नाही. पत्नींच्या कोशांच्या पुठ्ठ्यांवर पहिल्याच दमट ऋतूत राखाडी बुरशी धरली. आर्द्रतामापकाचा काटा आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या आसपास राहत असे. हवेतली आर्द्रता कमी करणारे यंत्र घेतल्यावर कामाची खोली सुधारली, बाकीचे घर नाही. गावातल्या मुक्कामात आपल्याला सलग झोप लागते आणि शहरात त्या महिन्यांत लागत नाही, हे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झाले आहे. समुद्राकडच्या त्या इमारतीत सज्जांना टेकू लागले असून मालकांमध्ये खर्चाच्या वाटणीवरून वाद चालू आहे.

घर अद्याप विकत घेतलेले नाही. पत्नी जुन्या भागातच घ्यावे म्हणतात. पतींना करार आणखी वाढवावा असे वाटते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, गाव ज्या दोन कारणांनी मागे पडले ती एकाच जातीची नव्हती. रुग्णालयाचे अंतर बदलणारे नव्हते. पत्नींना गाडी चालवता न येणे मात्र काही महिन्यांत बदलण्यासारखे होते, आणि शहरात आल्यावर पहिल्या वर्षातच त्या शिकल्याही. हे शिकणे निर्णयाच्या आधी झाले असते, तर गावाचा विचार अधिक न्याय्य झाला असता. कदाचित निष्कर्ष तोच निघाला असता, पण तो पुरावा पाहून निघाला असता.

पाण्याच्या नमुन्याबाबतही तेच. एका गृहस्थाच्या सहज बोलण्यावर एक बाब खोडली गेली, तर दुसरीकडे मचूळ विहिरीकडे दुर्लक्ष झाले. किनाऱ्यालगत भूजलाची स्थिती नाजूक असते: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तोलून धरलेले असते, असा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग यांनी मांडला. उपसा वाढून वरचे एक मीटर ओसरले, तर खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. नळाचा पुरवठा कुठून येतो आणि तो स्रोत किनाऱ्यापासून किती आत आहे, ही चौकशी शहराबाबत व्हायला हवी होती.

गावाचा पर्याय एका मैत्रिणीच्या आधारावर उभा होता. ती मुलांकडे राहायला गेली तर काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. गावात इतर कुणाशी ओळख वाढते का, हे पाहण्यासाठी तिच्या घराऐवजी स्वतंत्र भाड्याच्या खोलीत राहून पाहणे योग्य झाले असते. रुग्णालयापर्यंतचा वेळ दोन्हीकडे मोजायचा तर तो अडचणीच्या घडीलाच मोजायला हवा होता: गावातून मध्यरात्री, शहरातून हंगामातल्या सुट्टीच्या संध्याकाळी.

राहिला इसार. घराची तपासणी इसार देण्याआधी व्हावी, आणि ते शक्य नसेल तर तपासणीत सळई गंजल्याचे आढळल्यास इसार पूर्ण परत मिळेल, अशी अट लेखी घालून घ्यावी. नुसती हातोडी आणि डोळे यांवर न थांबता काँक्रीटची भुकटी वेगवेगळ्या खोलीवरून काढून तिच्यातले क्लोराइड तपासले, तर ते सळईपर्यंत पोचले आहे का, हे कळते. त्यासाठी बारीक भोके पाडावी लागतात आणि समितीची परवानगी लागते. या प्रकरणात समितीने ती परवानगी दिली नव्हती, आणि सौदा मोडताना दांपत्याने जी कारणे विचारात घेतली त्यांत हे एक होते.